दोराला लागलेले हात

नारळी पौर्णिमा झाली की आमच्या वायरीच्या किनाऱ्यावर पहाटेची मतलई सुटायला लागते. जमिनीकडून समुद्राकडे जाणारा हा वारा अंगाला लागला की मला अजूनही झोप येत नाही. पावसाळाभर गढूळ असलेलं पाणी आधी किनाऱ्याच्या कडेने निवळतं, मग किल्ल्यापर्यंत हिरवं होत जातं. माडाच्या झापांखाली ठेवलेली जाळी उन्हात पसरली जातात आणि सगळ्या वाडीला सुतळीचा, मिठाचा, थोडा बुरशीचा असा वास येतो. बाहेरच्या माणसाला तो घाण वाटेल. मी मात्र त्या जाळ्यांजवळून जाताना मुद्दाम पाय रेंगाळवते.

यंदा त्याच दिवसांत फोन आला. मत्स्य खात्यातला कोणी तरुण अधिकारी, आवाज अगदी गोड. "मॅडम, नवीन जीवशास्त्रज्ञांचा उजळणी वर्ग आहे मालवणला. तुम्ही पारंपरिक मासेमारीवर अर्धा तास बोलाल का?"

अर्धा तास! अरे मेल्या, माझ्या बापाचं अख्खं आयुष्य, ते काय अर्ध्या तासात बसवू? पण असं म्हणाले नाही. "येते," म्हटलं. निवृत्त माणसाला कोणी बोलावलं की तो येतोच, हे त्या पोराला पक्कं ठाऊक असणार.

उजळणी वर्ग. हा शब्द ऐकला की मला तो हंगाम आठवतो. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा नवानवा होता. सरकारी कचेऱ्यांच्या पाट्यांवरचं रत्नागिरी खरवडून वर नवं नाव रंगवलेलं, आणि पाऊस पडला की खालचं जुनं नाव पुन्हा डोकं वर काढायचं. मीही नवीच होते. प्राणिशास्त्र शिकून, रत्नागिरीला आणखी पुढचं शिकून खात्यात लागलेली. माझ्या हुद्द्याचं नाव होतं मत्स्यजीवशास्त्रज्ञ. ते वाडीत कोणाच्या तोंडात बसेना, म्हणून सगळ्यांनी मला माशांची डाक्तरीण करून टाकलं. "सुमा, आमच्या बांगड्याक पडसा झालाहा, गोळी दी गो," असं म्हणून बायका हसायच्या. मीही हसायची. गाबताच्या, मासेमारीवर जगणाऱ्या घरातली पहिली शिकलेली मुलगी, तिला चिडवायचा हक्क अख्ख्या वाडीला होता.

माझे बाबा रापणीचे तांडेल. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलं मोठं जाळं. होडी ते घेऊन समुद्रात अर्धवर्तुळ घालते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, आणि मग सगळी वाडी दोन बाजूंना उभी राहून ते ओढते. तांडेल म्हणजे या सगळ्याचा म्होरक्या. मालक नव्हे. रापणीला मालक नसतोच. ते जाळं म्हणजे घराघराचे तुकडे एकमेकांना शिवलेले. प्रत्येक घराने आपापला तुकडा विणायचा, सांभाळायचा, आणि हंगामाच्या सुरुवातीला आणून शेजारच्याच्या तुकड्याला सुतळीने जोडायचा. मधोमध एक तुकडा देवाचा, सगळ्यांनी मिळून विणलेला. भांडण झालं, बोलाचाल बंद पडली, तरी त्यांचे तुकडे शेजारी शेजारी शिवलेलेच असायचे. करणार काय?

आणि एक नियम होता. दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा. मग तो कोणीही असो. एकदा बांद्याच्या एसटीचा ड्रायव्हर गाडी उभी करून किनाऱ्यावर आला, गंमत म्हणून त्याने दोराला हात लावला, थोडा ओढला. बाबांनी त्याचाही वाटा काढला. तो नको नको म्हणत होता, पण शेवटी बांगडे माडाच्या पातीत ओवून, गाडीच्या दांडीला टांगून बांद्याला घेऊन गेला. उतारूंनी वाटभर नाक मुरडलं असणार. जिचा माणूस समुद्रात गेला त्या विधवेलाही वाटा, कारण तिच्या घराचा तुकडा जाळ्यात होता. आमच्या शेजारची शेवंतीकाकी अशीच. तिचा घोव वादळात गेला तो परत आलाच नाही, पण रापणीत त्याचा तुकडा होता आणि वाळूवर त्याचा वाटा पडत होता.

त्या हंगामाच्या आधीची काही वर्षं रापणीला मासा कमी कमी होत गेला होता. ट्रॉलर आले होते. संध्याकाळी किल्ल्याच्या पलीकडे त्यांची रांग दिसायची, आणि जवळ येऊ नये असं कागदावर असलं तरी ते जवळ यायचे. वाडीतले तरणे झील एकेक करून त्यांच्यावर कामाला गेले, काही गोव्याला गेले. नारळी पौर्णिमेआधी देवळात बैठक झाली आणि ठरलं, की दसऱ्यापर्यंत नीट मासा लागला तर रापण चालवायची. नाही तर जाळं सोडवायचं, ज्याने त्याने आपला तुकडा घरी न्यायचा.

हे मला बाबांनी सांगितलं नाही. आईने सांगितलं, बाजारातून आल्यावर टोपलं धुताना. "दसऱ्यापर्यंत," ती म्हणाली, आणि टोपलं पुन्हा धुवायला लागली. धुतलेलंच टोपलं.

आणि नेमक्या त्याच दिवसांत खात्याचा उजळणी वर्ग मालवणला भरायचा ठरला. किनारपट्टीवरचे सगळे जीवशास्त्रज्ञ येणार, मुंबईहून शिकवायला साहेब येणार, महिनाभर नवीन पद्धती शिकायच्या. घरी सांगितलं तर बाबा चकित. "शिकलेल्यांका परत शिकवतत? मगे पयल्या खेपेक काय शिकवलानी?"

"बाबा, नवीन गोष्टी निघतत. त्यो शिकाक व्हयो."

"नवीन काय निघाला? मासो तोच मां?"

आईने मध्येच डोकं घातलं. "तुमका काय कळता? आता तिका सगळा सांगतले. बांगडो खंय आसा, कधी येतलो, सगळा."

झालं! आईच्या तोंडून हे वाडीत गेलं आणि वाडीने ते धरून ठेवलं. पाण्यावर जाताना, देवळात, बाजारात, जो भेटेल तो एकच विचारी. "सुमा, काय म्हणता तुमचो वर्ग? बांगडो येतलो मां गो?" त्या 'मां गो'ला मी काय उत्तर देणार? बाजारात तुरी नि भट भटणीला मारी, तशातली गत. मी म्हणायची, "आत्ता कुठे सुरू झालंय, काकी." शेवंतीकाकी म्हणायची, "शीक हां, नीट शीक. आमच्यासाठी शीक." मला ते ऐकून पळून जावंसं वाटायचं.

वर्ग शाळेच्या हॉलमध्ये. भिंतीवर पाढे, फळ्यावर आमचे आलेख. शिकवायला आठल्ये सर. बुशशर्ट, जाड चष्मा, मऊ आवाज. माणूस मनापासून शिकवायचा, त्यात खोट काढायला जागा नाही. माशाची लांबी कशी घ्यायची, पोटातल्या अंड्यांची वाढ कुठल्या पायरीवर आहे ते कसं ओळखायचं, कानातला बारीक खडा काढून त्याच्यावरच्या रेघांवरून वय कसं ठरवायचं. हे सगळं शिकायला ताजा मासा लागतो, आणि ताजा मासा नव्हता! मालवणला, भाद्रपदात, बांगडा नाही. शेवटी सरांनी मुंबईहून औषधात घातलेले बांगडे मागवले. काचेच्या बरण्यांतून एसटीच्या टपावरून ते आले. पांढरेफटक, डोळे दुधाळ, हात लावला की रबर. बरणी उघडली की वासाने डोळ्यांतून पाणी यायचं. शाळेचा शिपाई आमच्याच वाडीतला. तो खिडकीतून बघून गेला आणि संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं, की मालवणात मुंबईसून बांगडो इलो आणि तोय मेलेलो.

"मेलेलोच असता बांगडो," आई म्हणाली. "जितो कोण खाता?" पण हसली नाही.

एके दिवशी सरांनी फळ्यावर समुद्रातल्या माशांचा हिशेब मांडला. मासा दोन तऱ्हांनी मरतो, ते म्हणाले. एक आपोआप, म्हातारपणाने, रोगाने, मोठ्या माशाच्या तोंडात. दुसरा माणसाच्या हातून. दोहोंना दोन अक्षरं दिली. ती अक्षरं माहीत झाली की समुद्रातून किती काढलं तर पुरे, ते सांगता येतं. सुंदर होतं ते, खोटं कशाला बोलू? मी पहिल्यांदा बघितलं की समुद्र असा कागदावर उतरवता येतो. मी हात वर केला.

"सर, ट्रॉलरने मारला आणि रापणीने मारला, दोन्ही एकाच अक्षरात?"

"हो. माशाच्या बाजूने बघितलं तर फरक नाही, बाई."

बरोबर होतं त्यांचं. माझा संताप झाला तो त्यामुळेच. चुकीचं बोलले असते तर भांडले असते.

"आणि पुरे झालं हे सांगायचं कुणाला, सर?"

सरांनी खडूची बोटं झटकली. "वर," म्हणाले.

मी वर बघितलं. पंखा होता. वीज गेली होती म्हणून तोही बंद. मागच्या बाकावरचा पालघरचा सहकारी फसकन हसला, मग सगळेच हसले, सरही हसले. हसून झाल्यावर आम्ही गणितं सोडवायला लागलो.

भाद्रपद सरत आला होता. बाबा रोज किनाऱ्यावर जाऊन बसायचे. खडकावर उभा राहून पाणी बघायचं काम भिवाकाकाचं. बांगड्याचा मेळ आला की पाण्यावर काळसर सावली सरकते, ती त्याने ओळखायची आणि ओरडायचं. भिवाकाका इतके दिवस ओरडला नव्हता, की लोक त्याला विचारत, तुझा घसा तरी शाबूत आहे ना. तो रागाने तोंड फिरवायचा.

आणि एका सकाळी तो ओरडला. आम्ही वर्गात होतो. शाळा मालवणच्या टोकाला, आमच्या किनाऱ्याजवळच. आरोळी ऐकली आणि माझ्या हातातली कात्री खाली पडली. पोरं धावली, बायका टोपली घेऊन धावल्या. सर माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "सर, रापण!" सरांचे डोळे चमकले. "चला, सगळे चला! आजचा वर्ग किनाऱ्यावर." आणि आमची अख्खी बॅच, चपला हातात घेऊन, वाळूतून धावत सुटली.

होडी तोवर फिरून आली होती. दोर किनाऱ्यावर आले होते. पण ओढायला माणसं कुठे होती? म्हातारे, बायका, काही शाळेची पोरं. दोराला मध्ये मध्ये नुसती जागा. मी बघितलं ती सावली. खोटं नाही सांगत, माझ्या डोळ्यांनी बघितली. जाळ्याच्या आत, काळी, रुंद. बाबा गुडघाभर पाण्यात उभे होते, तरणे दिसत होते. त्यांनी आम्हाला बघितलं आणि दोन्ही हात वर करून हाक मारली.

"येवा! सगळे येवा! हात लावा! आज सगळ्यांक पुरान उरतला!"

आणि लावले आम्ही हात. सर, पालघरचा तो, रायगडचे दोघे, रत्नागिरीची मुलगी साडी खोचून, सगळे. मीही. दोर ओला, खरखरीत, तळहात सोलवटून काढणारा. मी लहानपणापासून तो दोर बघत आले होते, पण इतक्या आनंदाने कधी ओढला नव्हता. कोणीतरी आरोळी देई, बाकीचे तिला उत्तर देत, आणि सर आमच्याबरोबर चुकीच्या जागी ओरडत होते. बायका हसत होत्या. शेवंतीकाकीने मला हाक मारली, "सुमा, आता मोज हां! मोजतांना दमशीत!"

जाळं जवळ आलं. सावली कुठे गेली? अजून कळलेलं नाही. खालून निसटली असेल, दोराला माणसं कमी होती तेवढ्या वेळात वळली असेल. जाळ्याचा झोळ वाळूवर आला तेव्हा त्यात शेवाळ होतं, चिकट जेलीफिश होते, आणि तळाला बांगडा. दोन पाट्यांत मावेल एवढा.

भिवाकाका खडकावरून खाली आलाच नाही.

बाबा पाण्यातून वर आले, धोतर पिळलं, आणि वाळूवर वाटे घालायला बसले. नेहमी घालायचे तसे. देवाचा एक. घराघरांचे. शेवंतीकाकीचा. मग मान वर करून त्यांनी दोराकडे बघितलं आणि आमच्या बॅचचेही हात मोजून वाटे घालायला सुरुवात केली. एक सरांचा, एक पालघरचा, एक रत्नागिरीच्या मुलीचा. प्रत्येक नवा वाटा पडला की बाकीच्यांतून एकेक बांगडा उचलावा लागत होता. वाटे इतके लहान होत गेले की मला बघवेना. वाडीच्या बायका रिकामी टोपली कमरेवर घेऊन उभ्या होत्या.

सरांना कळलं. ते पुढे झाले. "तांडेल, आम्हाला नको हो. आम्ही शिकायला आलोत. आम्ही नुसते हात लावले."

बाबांनी मान वर केली. ऑफिसातल्या माणसाशी बोलताना ते शुद्ध बोलायला बघत. त्या दिवशी ते जमलं नाही. "सायबानू, दोराक हात लागलो मगे वाटो घेवक व्हयो. तुमी नाय घेतलास तर रापण आमीच मोडली असा होतला."

"पण हे लोक..."

"हे लोक माझे आसत. माका सांगू नकात."

मी बाबांकडे बघत होते. त्यांनीच बोलावलं होतं. आज सगळ्यांना पुरून उरेल, असं त्यांनीच ओरडून सांगितलं होतं. आता शब्द मागे कसा घेणार? आणि मी काय म्हणणार होते? बाबा, नियम बाजूला ठेवा? तो नियम नसता तर रापण राहिलीच नसती. घ्या म्हटलं तर वाडीच्या तोंडचं जातं, नको म्हटलं तर बापाचं सगळं जातं. माझ्या पायांशी माझाही वाटा पडला होता. मी तो उचलला. शेवंतीकाकीने आपला पदरात घेतला, मोजला नाही, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सगळ्यांक गावले मां? मगे बरा झाला."

लॉजमध्ये राहणारी माणसं बांगडे घेऊन करणार काय? सगळ्या बॅचने आपापले वाटे वर्गात आणले आणि ट्रेमध्ये ओतले. ताजे बांगडे! इतके दिवस रबर कापून कंटाळलेली मंडळी कामाला लागली. त्यांना दोष देत नाही. ते तिथे त्यासाठीच आले होते, आणि मीही. मी माझा बांगडा आडवा ठेवला, लांबी घेतली, पोट उघडलं. आत गाबोळी. दोन्ही बाजूंना, पिवळी, टच्च भरलेली. शेजारच्याच्या ट्रेमध्येही. त्याच्या शेजारीही. सर एकेका टेबलापाशी फिरत होते. "उत्तम! ही पायरी बरणीतल्या माशात दिसत नव्हती. नीट बघून घ्या."

आमच्या घरी गाबोळी हळद-मीठ लावून तव्यावर परततात. आई ती पोटुशी असलेल्या बाईला हटकून नेऊन देते. मी ती चिमट्याने उचलली, काचेवर ठेवली आणि भिंगाखाली अंडी बघायला लागले. डोळ्यांतून पाणी येत होतं. त्या दिवशी औषधाचा वास नव्हता, तेव्हा सबबही नव्हती. रत्नागिरीच्या मुलीने माझी कात्री हातातून काढून घेतली आणि माझे उरलेले मासे तिने कापले.

घरी गेले तर बाबा पडवीत बसले होते.

"पोटात काय होता?"

"गाबोळी."

"सगळ्यांच्या?"

"बऱ्याचशांच्या."

आतून आईचं पाट्यावर वाटण वाटणं ऐकू येत होतं. मग म्हणाले, "म्हणजे फुडल्या वर्साचो बांगडो होतो तो."

"व्हय."

"आणि तू मोजलंस."

"मोजलंय, बाबा."

"मोजून काय करतलस?"

"वर धाडतलव."

"आणि वरसून काय येता?"

आज उत्तर ठाऊक आहे. वरून पुढचा उजळणी वर्ग येतो. माझ्या सगळ्या नोकरीत मी किती वर्ग केले, किती घेतले, त्याची गणती नाही. कॅल्क्युलेटरवर शिकलेलं कॉम्प्युटरवर शिकले, कॉम्प्युटरवरचं पुन्हा नव्याने शिकले. समुद्रात मासा कमी होतोय हे मला दर वेळी आधीपेक्षा अचूक सांगता यायला लागलं. थांबवता एकदाही आलं नाही. वाडीने मात्र मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर फार बरं झालं असतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी जाळं सोडवलं. वर्ग तोवर संपला होता, सरांनी सगळ्यांशी हात मिळवून निरोप घेतला होता, माझ्याशी जरा जास्त वेळ. वाळूवर जाळं लांबवर पसरलं होतं. प्रत्येक घराचं माणूस आपल्या तुकड्याशी बसलं आणि सुतळीच्या गाठी सोडायला लागलं. मिठाने आवळलेल्या गाठी, सुटता सुटेनात. सुरी लावा, कोणी म्हणालं. बाबा म्हणाले, सुरी लावायची नाही. मग लोकांनी दातांनी सोडल्या. वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोललेले दोन भाऊ एकाच गाठीवर दोन्ही बाजूंनी वाकले होते. ते तेव्हाही बोलले नाहीत. शेवंतीकाकीचा तुकडा मी सोडवून दिला. तिने तो घडी करून डोक्यावर घेतला आणि मागे न बघता गेली.

आमचा तुकडा आईने परड्यात मिरच्यांवर घातला, कोंबड्यांनी रोपं उकरू नयेत म्हणून. बाबा येता जाता त्याला पडलेली भोकं बसून शिवायचे. मिरच्यांचं जाळं! "कोंबड्यांक काय तेचा?" आई चिडायची. ते शिवतच राहायचे.

राहिला देवाचा तुकडा. तो कोणी न्यायला तयार होईना. देवळात ठेवायचा तर देव काही मासे धरायला जाणार नव्हता. दसरा झाला, सोन्याची पानं वाटून झाली, आणि दुसऱ्या दिवशी बाबा तो खांद्यावर टाकून चालत माझ्या ऑफिसात आले. उभ्या आयुष्यात ते तिथे कधी आले नव्हते. टेबलावर जाळं ठेवलं. खाली वाळू सांडली.

"हो घे. तुमच्या वर्गाक लागात. पोरांका दाखव."

"बाबा, हयसर कोणाक काय कळतला तेतला?"

"कळात नाय तर नाय. हात तरी लावतीत."

पाणी मागितलं, प्यायले आणि गेले. नंतरही पुष्कळ वर्षं होते ते. पण दोराला हात लावताना मी त्यांना पुन्हा बघितलं नाही.

यंदाच्या वर्गाला गेले. हॉल नवा, थंडगार, पडद्यावर चित्रं. पोरंपोरी हुशार, चुणचुणीत. पुढे बसलेली एक देवगडची, टिपणं घेणारी. मी बोलायला उभी राहिले, तर अर्धा तास कुठला? दहा मिनिटांत गाडी अडली. काय सांगायचं? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्या गोड आवाजाच्या अधिकाऱ्याने मला सावरून घेतलं. "मॅडम, ते जुनं जाळं आहे ना आपल्याकडे, ते उघडून दाखवूया?"

कपाटावरून ते खाली काढलं, बाबांनी आणून दिलेला तो देवाचा तुकडा. पोरं उठून गोळा झाली. एकाने एक टोक धरलं, देवगडच्या मुलीने दुसरं, मग मध्ये सगळे. ओढत ओढत उघडलं. किती वर्षांनी त्याची घडी मोडली, कुठेतरी अजून वाळू होती, ती फरशीवर सांडली. सगळी पोरं जाळं हातात धरून, आता पुढे काय म्हणून माझ्याकडे बघत होती. सत्र संपल्याचं कोणीतरी सांगितलं. मागचे दोघे हात सोडून चहाकडे निघाले.

"थांबा रे!" माझ्याच तोंडून निघालं. "वाटो घेतल्याबगर कोणी जावचा नाय."

थांबली. निघालेले दोघेही परत आले आणि त्यांनी पुन्हा जाळ्याला हात लावले. सगळी माझ्याकडे बघत उभी राहिली, गुणी लेकरं. आणि माझ्याकडे त्यांना वाटायला काही नव्हतं.